किनाऱ्यावरील कुलपे : गोव्यातील घरभाड्याच्या प्रश्नाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी इतिहास शिकवताना आम्हांला एक सवय लावली होती. एखाद्या लढाईची हकिगत सांगून झाली की ते विचारीत, "बरे, त्या रात्री माणसे निजली कुठे?" वर्गात हशा पिके. पुढे दप्तरखान्यांत बसू लागल्यावर कळले, की या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत क्वचितच सापडते. किल्ला कोणी घेतला हे लिहून ठेवलेले असते. किल्लेदाराचा पाणक्या कोठे राहत होता हे कोणी लिहीत नाही. आज मी तोच प्रश्न गोव्याच्या किनाऱ्याला विचारणार आहे. दरसाल लाखो पाहुण्यांना अंथरूण पुरविणाऱ्या त्या पट्ट्यात, तिथेच नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षभर राहण्यासाठी भाड्याची दोन खोल्यांची जागा का मिळू नये?

इंदूरला समुद्र नाही. मग हा विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारील. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेल्या आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ कोकणात आहे, आणि मंगेशी किंवा शांतादुर्गा हे कुलदैवत असणारी कुटुंबे या सभागृहातही असतील. ही दैवते तरी मूळ जागी कुठे राहिली? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या डोंगरांआड हलविली गेली. तेव्हा गोव्यात बिऱ्हाड हलविण्याची परंपरा देवांपासून सुरू होते असे म्हटले तरी चालेल. परंतु हे झाले भावनेचे कारण. खरे कारण असे, की गोव्याच्या किनाऱ्यावर जे घडले त्याचा अर्धा भाग आपण रामबागेत आणि बक्षी गल्लीत स्वतः अनुभवलेला आहे. तो आपल्याला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रारंभ जुन्या काळापासून करू. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. आज ज्याला पर्यटनाचा किनारा म्हणतात त्यातील कळंगुट, कांदोळी, हणजूण, कोलवा, बाणावली ही गावे याच जुन्या काबिजादींत येतात. गावची जमीन गांवकारीची, म्हणजे मूळ वसाहतकारांच्या सामाईक संस्थेची. माडांची भाटे भाटकारांची. या भाटांत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकार त्याला जागा देई, आणि तो माडांची राखण करी, नारळ उतरवी, हाक येताच कामाला हजर होई. बहुधा तो भाडे देत नसे. भाडे नव्हते म्हणून करार नव्हता, आणि करार नव्हता म्हणून हक्कही नव्हता. भाटकाराची मर्जी फिरली की झोपडी मोडून दुसऱ्या माडाखाली. किनाऱ्यावरील खारवी, रेंदेर आणि मजूर यांतील कित्येक पिढ्या अशा मर्जीच्या छपराखाली नांदल्या. गोव्यातील घराच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे, हॉटेलांत नव्हे.

याच काळात किनाऱ्यावर सुटी घालविण्याची एक घरगुती रीत होती. तिला 'मुदांस' म्हणत. शब्द पोर्तुगीज, अर्थ पालट, हवापालट. एप्रिल-मे महिन्यांत आतल्या गावांतील आणि शहरांतील सुखवस्तू कुटुंबे भांडीकुंडी, गाद्या, तांदूळ घेऊन कळंगुटला किंवा कोलव्याला येत, एखादे घर भाड्याने घेत आणि खाऱ्या पाण्याची स्नाने करून पावसाच्या तोंडावर परतत. संधिवाताला ती स्नाने उपकारक असा समज होता. घरवाले काही आठवडे मागच्या पडवीत सरकत, पाहुण्यांचे चार पैसे मिळत, आणि जूनमध्ये घर पुन्हा त्यांचे होई. मला या मुदांशीचे महत्त्व फार वाटते. सुटीसाठी घर भाड्याने देणे ही किनाऱ्यावर काही नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट ही, की पाहुणे गेल्यावर घर घरवाल्यांकडे परत येईनासे झाले.

त्याच किनाऱ्यावरचा माणूस परगावी गेल्यावर कोठे राहत होता, हेही पाहण्यासारखे आहे. बार्देश-सासष्टीतील हजारो तरुण मुंबईला जात. कोणी आगबोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी वाजंत्री. त्यांच्यासाठी गावोगावच्या लोकांनी मुंबईत, विशेषतः धोबीतलाव आणि माझगाव भागांत, 'कूड' स्थापन केली. कूड म्हणजे गावकीच्या मालकीची किंवा गावकीने चालविलेली वसतिगृहे: एक मोठी खोली, भिंतीलगत पेट्या, रात्री अंथरलेल्या चटया, संध्याकाळची सक्तीची प्रार्थना आणि नाममात्र भाडे. बोट लागेपर्यंत गावचा माणूस तेथे पडून राही. मुंबईसारख्या महाग शहरात गरिबाला छप्पर देण्याची ही व्यवस्था गोव्यातल्या खेड्यांनी सरकारकडे न पाहता उभी केली. आज ओडिशा, कर्नाटक, झारखंड येथून कळंगुटला काम करावयास येणाऱ्या पोरासाठी अशी कूड कोणाच्या गावाने बांधलेली नाही. तो हॉटेलच्या मागील शेडमध्ये किंवा एका खोलीत आठजणांसह राहतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साठीच्या दशकाच्या अखेरीस लांब केसांचे परदेशी तरुण हणजूण-कळंगुटच्या वाळूवर उतरले. त्यांना हॉटेल परवडत नव्हते आणि नकोही होते. ते खारव्यांच्या घरांत खोली घेऊन राहू लागले. या हिप्पींविषयी नाके मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी येथे पाळणार नाही; कारण भाड्याचे रोख पैसे किनाऱ्यावरील गरिबाच्या हाती प्रथम त्यांच्यामुळे नियमितपणे पडू लागले. त्यानंतर मोठे भांडवल आले. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्यापाशी ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांचा विसावा त्याच परिसरात झाला. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून भाडोत्री विमाने थेट दाभोळीला उतरू लागली. खोली आता महिन्याच्या हिशेबाने न देता रात्रीच्या हिशेबाने देण्याची वस्तू झाली.

येथे आपल्याला कायद्याकडे वळले पाहिजे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. दयानंद बांदोडकरांच्या कारकीर्दीत, १९६८ मध्ये, गोव्याचा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा झाला. त्याने वाजवी भाड्याची संकल्पना आणली आणि भाडेकरूला घालवायचे तर नियंत्रकापुढे कारण सिद्ध करण्याचे बंधन मालकावर घातले. पुढे शशिकला काकोडकरांच्या काळात, १९७५ मध्ये, मुंडकारांना हुसकून लावण्यास बंदी करणारा कायदा झाला. राहते घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. शतकानुशतके मर्जीवर जगलेल्या माणसाला पायाखालची जमीन मिळावी, याहून न्याय्य कायदा क्वचितच झाला असेल. अंमलबजावणी मात्र रखडली. मुंडकारांचे अनेक अर्ज मामलेदार कचेऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले.

आता इंदूरकडे या. ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच १९६१ मध्ये मध्य प्रदेशाचा स्थान नियंत्रण कायदा झाला. त्याने आपल्या वाड्यांचे काय झाले हे या सभागृहातील पांढऱ्या केसांच्या मंडळींना ठाऊक आहे. माझे बालपण अशाच एका वाड्यात, भाड्याच्या तीन खोल्यांत गेले. भाडे इतके अल्प होते, की मालकाला छपराची कौले बदलणे परवडत नसे आणि आम्हांला घर सोडणे परवडत नसे. मालक भेटला की वडील नमस्कार करीत आणि तो न बोलता पुढे जाई. वीस वर्षे हा संबंध असाच होता. कायद्याने आम्हांला वाचविले यात शंका नाही. वडिलांच्या पगारात दुसरे घर मिळालेच नसते. पण शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मालकाने त्यांना कुलूप घातले, ते मी शाळा सोडेपर्यंत निघाले नाही. 'आत गेलेला बाहेर निघत नाही' ही त्याची भीती होती आणि ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने मुंबईत जे केले, त्याचीच ही लहान आवृत्ती होती.

गोव्यात नेमके हेच झाले, परंतु तिथे कुलूप घालण्यास आणखी दोन कारणे मिळाली. पहिले वारशाचे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिली. तिच्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते, आणि मालमत्तेतील निम्मा भाग सक्तीच्या वारसांचा, म्हणजे प्रथम मुलांचा असतो. मुलगा-मुलगी हा भेद नाही. समतेच्या दृष्टीने ही व्यवस्था आपल्याकडील अनेक रूढींपेक्षा श्रेष्ठ होय. परंतु तिचा एक परिणाम असा, की तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस हक्कदार होतात. त्यांतील कोणी लिस्बनला, कोणी टोरांटोला, कोणी नैरोबीहून लंडनला गेलेला. सर्वांच्या सह्या मिळेपर्यंत घर विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि भाड्याने देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. हळदोणे, साळगाव, शिवोली या गावांतून हिंडताना शिंपल्यांच्या खिडक्या आणि गंजलेली कुलपे अशी घरे एकापाठोपाठ दिसतात. शेजारीण दिवाबत्ती करते, वर्षातून एकदा कोणी येऊन जातो.

दुसरे कारण पैशाचे, आणि ते साध्या गणिताने कळते. समजा, एक खोली मासिक पंधरा हजार रुपयांनी वर्षभर दिली, तर एक लाख ऐंशी हजार मिळतात. तीच खोली रात्रीच्या दोन हजारांनी केवळ १२० रात्री दिली, तर दोन लाख चाळीस हजार. शिवाय आठ महिने ती मोकळी, आणि पाहुणा हक्क सांगण्याची शक्यता शून्य. सफाई, दलाली, रिकाम्या रात्री हे सर्व वजा केले तरी मालकाचा कल कोणीकडे झुकेल हे सांगावयास अर्थशास्त्री नको. यावर किनाऱ्याने एक मध्यम मार्ग शोधला. जूनमध्ये पावसाबरोबर घर भाड्याने द्यायचे आणि ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी भाडेकरूला निरोप द्यायचा. अकरा महिन्यांचा करार आपल्याकडे सर्वत्र रुळला आहे, कारण वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. किनाऱ्यावर तो चार महिन्यांवर आला. ज्या शिक्षिकेची मुले जूनमध्ये तेथील शाळेत घातली, तिने ऑक्टोबरमध्ये कोठे जावे?

ही कल्पित शिक्षिका नव्हे. काही वर्षांपूर्वी बार्देशातील एका शाळेत मला बोलाविले होते, तेव्हा मराठी शिकविणाऱ्या बाईंनी आपला दिनक्रम सांगितला. त्या डिचोलीपलीकडून दोन बसगाड्या बदलून येत. शाळेपासून चालत पाच मिनिटांवर सहा बंद घरे होती. त्यांनी ती मला मोजून दाखविली. त्यांच्या स्वरात कटुता नव्हती. कौतुकच होते, की केवढी मोठी घरे ही.

एक जुनी तरतूद येथे नोंदविली पाहिजे. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. वाळू, कासवे आणि मासेमार यांच्यासाठी हे निर्बंध अत्यावश्यक होते आणि आहेत. तथापि समुद्रालगत बांधकामास आळा बसल्यावर पैसा मागे, गावात सरकला. आसगावसारखे गाव, जिथे समुद्र दिसतही नाही, ते गेल्या दीड दशकांत दिल्ली-मुंबईच्या श्रीमंतांचे दुसऱ्या घराचे गाव झाले. २०२० च्या साथीनंतर घरी बसून काम करणाऱ्यांची त्यात भर पडली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यावर पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल यांचीही पाळी आली. इंदूरच्या वर्तमानपत्रांतही गोव्यातील फ्लॅटच्या जाहिराती मी वाचतो. तेव्हा आपण या गोष्टीचे केवळ प्रेक्षक नाही.

आकडे काय सांगतात? २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पावणेसहा लाख वास्तूंपैकी सव्वा लाख रिकाम्या आढळल्या, म्हणजे पाचांत एकीहून अधिक. देशभराचे प्रमाण तेरांत एक असे होते. हा आकडा सावधपणे वापरला पाहिजे, कारण त्यात पडीक घर, विक्रीसाठी थांबलेला फ्लॅट आणि डिसेंबरात उघडणारा बंगला हे सारे एकाच रकान्यात बसतात. तरीही साडेचौदा लाख वस्तीच्या राज्यात सव्वा लाख रिकाम्या वास्तू, आणि त्याच राज्यात भाड्याने घर मिळत नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'घरे कमी आहेत, आणखी बांधा' हे उत्तर अपुरे ठरते. बांधकाम थांबलेले नव्हतेच. उलट २००६ च्या अखेरीस 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले ते अतिबांधकामाच्या भीतीनेच, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनात डोंगर आणि शेते वाचविण्याचा आग्रह होता. भाडेकरूंचा प्रश्न मात्र मागेच राहिला. भाडेकरूची बाजू मांडणारी सभा सहसा भरत नाही. तो मतदारयादीत दुसऱ्या गावचा असतो.

जगातही हा रोग आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज या मासेमारीच्या गावाने मे २०१६ मध्ये सार्वमत घेऊन ठरविले, की नवे घर कायम राहणाऱ्यालाच मिळावे. जुनी घरे त्या नियमाबाहेर होती. आणि गावात बहुसंख्य घरे जुनीच असतात. बार्सिलोना महापालिकेने जून २०२४ मध्ये जाहीर केले, की पर्यटकांना देण्याच्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. वेल्समध्ये दुसऱ्या घरावर तिप्पट अधिभार लावण्याची मुभा नगरपरिषदांना २०२३ पासून आहे. या उपायांची फळे अजून पुरती दिसावयाची आहेत.

या संदर्भात मला इंदूरचाच एक ग्रंथ आठवतो. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडीज यांनी होळकर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यांची रीत अशी, की नकाशा आखण्यापूर्वी गल्ल्यांतून पायी हिंडावे, प्रत्येक वाडा पाहावा, आणि पाडण्याआधी जे उभे आहे त्याचा उपयोग कसा होईल हे शोधावे. कामगारांना चाळींत कोंबण्याच्या मुंबईच्या पद्धतीचा त्यांना तिटकारा होता. गोव्याच्या किनाऱ्यावर आज गेडीज असते तर त्यांनी प्रथम कुलपे मोजली असती असे मला वाटते: कोणते घर वारसांच्या भांडणामुळे बंद आहे, कोणते कायद्याच्या भीतीने, कोणते डिसेंबरची वाट पाहत. या तीन कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या आहेत. वारसाच्या घराला सह्यांची सोपी रीत हवी, निदान एका वारसाने इतरांच्या वतीने ठरावीक मुदतीचे भाडे घेण्याची मुभा हवी. भीतीच्या घराला, मुदत संपताच घर परत मिळेल अशी खात्री आणि त्याबरोबर भाडेकरूला पूर्ण मुदतीची हमी, अशी दोन्ही बाजूंची बांधिलकी हवी. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेला आदर्श भाडेकरू कायदा याच दिशेचा आहे, परंतु तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर सोडले आहे. आणि डिसेंबरची वाट पाहणाऱ्या घराला करापलीकडे दुसरे औषध मला दिसत नाही.

१९६८ आणि १९७५ चे कायदे रद्द करावेत असे कोणी सुचविले तर मी त्याला विरोध करीन. ज्या मुंडकाराच्या आजोबाने झोपडी तीनदा हलविली, त्याच्या नातवाला पुन्हा मर्जीवर सोडणे हा उपाय नव्हे. त्या कायद्यांनी जे आत होते त्यांना वाचविले. बाहेरून येणाऱ्याचा विचार करण्याचे काम मात्र त्यांनंतर कोणी हाती घेतले नाही. दरम्यान सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. त्यांची अंथरुणे घालणारी, ताटे धुणारी, त्यांच्यासाठी रात्री दोन वाजेपर्यंत जागणारी माणसे शेवटची बस चुकल्यावर निजतात कुठे, याची नोंद कोणत्याही खात्याने ठेवलेली मला आढळली नाही. ज्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय हवा असेल त्यांनी ग्रामपंचायतींच्या घरपट्टीच्या वह्यांपासून आरंभ करावा. त्यांत घर कोणाच्या नावे आहे ते आहे, आणि वीजमंडळाच्या बिलांशी ताडून पाहिल्यास ते वर्षातून किती महिने उघडे असते तेही कळू शकेल.